आडात किती आणि पोहऱ्यात किती?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक एकाच विषयावर आहेत: जुन्या कॅसेटी, रेकॉर्डी, फोटो, व्हिडिओ टेपा संगणकात घेताना दर्जा कुठवर टिकतो आणि कुठल्या आकड्यानंतर नुसती डिस्क भरते. माझी नोकरी टेपवरचा आवाज उतरवून घेण्यात गेली. त्यामुळे आवाजाबद्दल मी भरभरून लिहीन आणि चित्रांबद्दल हात आखडता घेईन, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न: ताई, वडिलांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या बऱ्याच कॅसेटी आहेत. बहुतेक गप्पा, थोडं गाणं. त्यासाठी मी 24 बिट, 192 किलोहर्ट्झचा कन्व्हर्टर (आवाज आकड्यांत बदलून संगणकात घेणारं यंत्र) घेतला. भाचा म्हणतो, 16 बिट आणि 44.1 वर भरा, कानाला फरक कळणार नाही. मित्र म्हणतो, डिजिटलमध्ये काही ना काही हरवतंच, म्हणून आकडा जितका मोठा तितकं बरं. कुणाचं ऐकू?

ऐकण्यापुरतं भाच्याचं बरोबर आहे. भरताना मात्र 24 बिट (दर मोजमापाची बारकाई) आणि 48 किलोहर्ट्झ (सेकंदाला 48,000 मोजमापं, म्हणजे सॅम्पल) ठेवा. 192 चं बटण आहे म्हणून दाबायलाच हवं असं नाही.

आधी टेपवर काय आहे ते पाहू. कॅसेटची टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. इतक्या संथ टेपवर घरगुती यंत्राने भरलेला आवाज 12-13 किलोहर्ट्झपर्यंत (सेकंदाला 12-13 हजार कंपनं) पोचला तरी खूप झालं. सगळ्यात मोठ्या आवाजापासून टेपच्या त्या सततच्या 'सूं'पर्यंतचं अंतर साधारण 50 ते 55 डेसिबल असतं. आता डिजिटलचा हिशेब करा. दर बिटामागे सुमारे 6 डेसिबल मिळतात, म्हणजे 16 बिटांचे झाले 96. तुमच्या टेपची सूं 16 बिटांच्या तळापासून तब्बल 40 डेसिबल वर आहे. नुसत्या कागदावर पाहिलं तर ही कॅसेट 9-10 बिटांत मावते. सॅम्पलिंगचंही तसंच. सेकंदाला 44,100 सॅम्पल घेतले की 22 किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं टिपलं जातं, आणि टेपवरचा मजकूर त्याच्या कितीतरी अलीकडेच संपलेला असतो.

मग 24 बिट कशाला? लेव्हल बिनधास्त लावता यावी म्हणून. घरगुती कॅसेटवर कोण कधी माइकजवळ येऊन मोठ्याने हसेल याचा नेम नसतो. डिजिटल मीटरने शून्य ओलांडलं की लाटेचा माथा सपाट कापला जातो, आवाज फाटतो, आणि कापलेला माथा परत मिळत नाही. 24 बिट असले की सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवून निवांत बसता येतं. खाली भरपूर जागा शिल्लक असते. कागदावर 24 बिटांचे 144 डेसिबल होतात खरे, पण इलेक्ट्रॉनिक भागांचा स्वतःचा उष्णतेचा गोंगाट असतोच, त्यामुळे उत्तम कन्व्हर्टरही 120 च्या आसपास थांबतो. शेवटचे तीन-चार बिट गोंगाटच मोजत असतात.

ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए हिच्या सूचनांतही किमान 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट असंच आहे, जमलं तर 96. त्या 96 ला कारण आहे. टिकटिक आणि खरखर जितकी बारकाईने टिपली जाईल तितकी नंतर सॉफ्टवेअरने वेगळी काढणं सोपं जातं. 192 ला तुमच्या बाबतीत असं कारण मला सापडत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट स्टिरिओमध्ये 24 बिट, 48 वर भरली तर साधारण दीड जीबी होते. 192 वर सव्वासहा. वरच्या पावणेपाच जीबीत वडिलांच्या आवाजाचा कणही नसेल.

खरं काम कन्व्हर्टरच्या आधीचं आहे आणि त्याबद्दल एकाही पत्रात प्रश्न नाही, म्हणून मीच सांगते. टेपवर 10 किलोहर्ट्झच्या एका लाटेची लांबी असते 4.76 मायक्रॉन. मोनो कॅसेटच्या पट्ट्याची रुंदी 1.5 मिलिमीटर. ज्या यंत्रावर टेप भरली त्याचं हेड आणि ज्यावर तुम्ही वाजवता त्याचं हेड यांच्या कलात एक पंचमांश अंशाहूनही कमी फरक पडला, तरी पट्ट्याच्या एका कडेला लाटेचा माथा आणि मध्यावर त्याच लाटेचा तळ अशी गत होते आणि 10 किलोहर्ट्झ जागच्या जागी पुसला जातो. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो, आणि लोक म्हणतात डिजिटलने जीव घेतला.

करायचं असं. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू असतो. बऱ्याच डेकना तिथे पोचायला भोक ठेवलेलं असतं. डावी-उजवी बाजू एकत्र करून मोनोत ऐका, हेडफोन लावा आणि चुंबकत्व नसलेल्या पेचकसाने स्क्रू हळूहळू फिरवा. अगदी थोडा, घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो इतका. बोलणाऱ्याच्या 'स'कडे आणि 'च'कडे लक्ष ठेवा. एका जागी 'स' एकदम धारदार होतो आणि मागची सूंसुद्धा उजळते. ती जागा पार केली की पुन्हा मंद. उजळ जागेवर थांबा. स्क्रूची मूळ जागा आधी कागदावर काढून ठेवा, म्हणजे बाकीच्या कॅसेटींसाठी परत आणता येईल. दुसऱ्या यंत्रावर भरलेली कॅसेट आली की पुन्हा नव्याने जुळवा. बाकी नेहमीचंच: हेड आणि रबरी चाक साफ करा, डॉल्बी (सूं कमी करण्याची सोय) न लावता भरलेली टेप डॉल्बी लावून वाजवू नका, आणि आवाज हेडफोनच्या भोकातून न घेता लाइन-आउटमधून घ्या.

एवढं करून 16 बिटांवर भरलेली फाइल आणि यातलं काहीच न करता 24 बिट, 192 वर भरलेली फाइल तुमच्या मित्रासमोर ठेवा. आकडे सांगू नका.

प्रश्न: रेकॉर्डवरचा आवाज अखंड असतो. डिजिटलमध्ये सेकंदाला 44,100 ठिपके घेतात आणि मधलं सगळं सोडून देतात. संगणकाच्या पडद्यावर मोठं करून पाहिलं तर पायऱ्या स्पष्ट दिसतात. म्हणूनच रेकॉर्ड ऐकताना जो भरीवपणा जाणवतो तो सीडीत नाही. हे मान्य करायला तुमच्यासारखी माणसं का कचरतात?

पायऱ्या पडद्यावर दिसतात, तारेतून येत नाहीत. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या सिग्नलला ऑसिलोस्कोप लावा, गुळगुळीत लाट दिसेल. पडद्यावरची पायरी ही चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमची सोय आहे.

'मधलं सोडून देतात' हा समज मात्र जुना आणि चिवट आहे. 1928 मध्ये नायक्विस्ट यांनी तारायंत्राच्या संदर्भात पाया घातला, 1933 मध्ये रशियात कोतेल्निकोव्ह यांनी आणि 1949 मध्ये शॅनन यांनी ते नीट मांडलं: सिग्नलमध्ये एका ठराविक कंपनसंख्येच्या वर काहीच नसेल, तर तिच्या दुपटीहून अधिक वेगाने घेतलेल्या सॅम्पलमधून मूळ लाट पुरीच्या पुरी उभी राहते. अंदाजे नव्हे, पुरी. त्या ठिपक्यांतून जाणारी आणि त्या मर्यादेत बसणारी लाट एकच असते, दुसरी काढताच येत नाही. ठिपक्यांच्या मधलं म्हणून जे हरवलं असं तुम्हाला वाटतं, ते ठिपक्यांनीच ठरवलेलं असतं.

सगळी मेख त्या 'वर काहीच नसेल तर'मध्ये आहे. 44.1 वर भरताना 30 किलोहर्ट्झचा आवाज आत शिरला, तर तो 14.1 किलोहर्ट्झ होऊन खाली उतरतो आणि मग चांगला ऐकू येतो. म्हणून कन्व्हर्टरच्या दारात फिल्टर लागतो. सुरुवातीच्या काळात हे फिल्टर पूर्णपणे ॲनालॉग होते, 20 ते 22 किलोहर्ट्झच्या चिंचोळ्या पट्ट्यात त्यांना कड्यासारखं कोसळावं लागे, आणि त्याचा त्रास होई. पुढे कन्व्हर्टर आत कितीतरी पट वेगाने सॅम्पल घेऊन फिल्टरचं मुख्य काम गणिताने करू लागले आणि ते दुखणं जवळजवळ मिटलं. 1980 च्या दशकातल्या एखाद्या सीडी प्लेअरबद्दल तुम्ही तक्रार करत असाल तर मी निम्मी मान्य करीन.

हा 44,100 चा विचित्र आकडा आला कुठून, असं जाता जाता कुणीतरी विचारतंच. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरच्या टेपवर साठवत. चित्राच्या दर ओळीत 3 सॅम्पल, 245 ओळी, सेकंदाला 60 फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं): गुणाकार करा. 50 फील्डच्या पद्धतीत 294 ओळी घेतल्या तरी तेच उत्तर येतं. कानाने 20 किलोहर्ट्झ मागितले आणि नेमका आकडा टीव्हीने दिला.

आता भरीवपणा. तो तुम्हाला जाणवतो याबद्दल मला शंका नाही, कारणाबद्दल आहे. रेकॉर्डवर खोल सूर दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखेच कोरावे लागतात, नाहीतर सुई उडते. आतल्या वळणांकडे तार स्वर मळतात. पृष्ठभागाची खरखर सतत सोबतीला असते, आणि सगळ्यात मोठ्या व सगळ्यात बारीक आवाजात 60-70 डेसिबलचं अंतर मिळालं तर रेकॉर्ड चांगली म्हणायची. हे सगळं मिळून जो रंग येतो तो अनेकांना आवडतो. शिवाय 1990 नंतर निघालेल्या कित्येक सीडी मुद्दाम मोठ्या आवाजाच्या केल्या. बारीक भाग वर आणला, मोठा दाबला, सगळं एका पातळीवर. तशी सीडी आणि तिचीच जुनी रेकॉर्ड शेजारी ठेवली तर मीसुद्धा रेकॉर्ड उचलेन. दोष मास्टर करणाऱ्याचा, म्हणजे विक्रीची अंतिम प्रत तयार करणाऱ्याचा, शिक्षा मात्र 16 बिटांना.

पटत नसेल तर तुमची आवडती रेकॉर्ड 16 बिट, 44.1 वर भरा आणि ती फाइल ऐका. भरीवपणा खरखरीसकट जसाच्या तसा फाइलमध्ये आलेला सापडेल.

प्रश्न: व्हीएचएस टेप 4के मध्ये उतरवून घेतली तर चित्र सुधारेल का?

नाही. व्हीएचएसवर आडव्या दिशेने साधारण 240 रेषांचाच तपशील असतो, रंगाचा तर त्याहून फार कमी. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! 720 बाय 576 पिक्सेलवर किंवा तुमच्या टीव्ही पद्धतीप्रमाणे 720 बाय 480 वर, फील्ड वेगवेगळे तसेच ठेवून घ्या आणि चित्र थरथरत असेल तर टाइम-बेस करेक्टर (चित्राच्या ओळींची वेळ नीट जुळवणारं यंत्र) मिळतो का पाहा. खर्च करायचाच असेल तर तिथे करा.

प्रश्न: मी ध्वनिमुद्रण शिकतो आहे. मला 24 बिट आणि 16 बिट यांतला फरक स्पष्ट ऐकू येतो, पण वर्गातले मित्र टिंगल करतात. माझे कान खरंच चांगले आहेत की मी स्वतःला फसवतोय, हे कसं ठरवू?

छान प्रश्न. मित्रांना न विचारता मला विचारलात म्हणून नव्हे, तपासायची तयारी दाखवलीत म्हणून.

तुलना कशी केलीत ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुकानातून घेतलेल्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या असतील, तर त्या वेगवेगळ्या मास्टर केलेल्या असू शकतात आणि मग बिटांचा संबंधच उरत नाही. एकच 24 बिटांची फाइल घ्या आणि तिच्यापासून स्वतः 16 बिटांची बनवा. दोन्हींची पातळी 0.1 डेसिबलच्या आत जुळवा. अर्ध्या डेसिबलने मोठा आवाज कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. भले भले इथे घसरतात. मग एबीएक्स प्रोग्रॅमवर बसा. 'अ' ऐका, 'ब' ऐका, आणि 'क्ष' या दोघांपैकी कोण ते सांगा. असं 16 वेळा. 9 बरोबर आले तर खूश होऊ नका, नाणं उडवूनही 9 किंवा जास्त येण्याची शक्यता 40 टक्के असते. 12 किंवा जास्त आले तर मात्र ती शक्यता 4 टक्क्यांच्या खाली जाते. मग मित्रांना बोलवा.

तुम्ही एकटे नाही आहात. 2007 मध्ये मेयर आणि मोरन यांनी अमेरिकेत असाच प्रयोग छापला. उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा मध्ये 16 बिट, 44.1 चा टप्पा घालून ऐकवला. 554 चाचण्यांत 276 उत्तरं बरोबर आली, म्हणजे निव्वळ नाणेफेक. 2016 मध्ये राइस यांनी 18 अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण 52.3 टक्के निघालं. योगायोगापेक्षा किंचित जास्त, आणि प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांत त्याहून बरं. म्हणजे फरक कुणालाच कधीच कळत नाही असं मी म्हणणार नाही. 'स्पष्ट' ऐकू येतो म्हणणाऱ्याकडे मात्र मी भुवई उंचावून पाहीन.

16 बिटांची मर्यादा जिथे खरोखर कानाला सापडते ती जागा सांगते. खूप हळू वाजणारा, विरत जाणारा स्वर घ्या. एक तार छेडा आणि शेवटपर्यंत विरू द्या. फाइलचे बिट कमी करताना डिदर (ते काय ते पुढे सांगते) बंद ठेवा, आणि परिणाम मोठा दिसावा म्हणून 16 च्या जागी थेट 8 बिट करा. स्वर विरत जाईल, मग त्याला वाळू लागल्यासारखी करकर चिकटेल, मग तो तुटक तुटक होईल आणि एका क्षणी दार लागल्यासारखा बंद. पायऱ्यांच्या तक्रारीत तथ्य असलंच तर ते इथे, उंचीच्या पायऱ्यांत आहे. काळाच्या नाही. आता तेच डिदर लावून करा. डिदर म्हणजे बिट कमी करण्याआधी मुद्दाम मिसळलेला अगदी बारीक गोंगाट. करकर गेलेली असेल. तिच्या जागी एकसारखी मंद सूं येईल, आणि स्वर त्या सूंच्या खाली उतरत, तरीही ऐकू येत, शांतपणे संपेल. सगळ्यात खालच्या पायरीपेक्षा लहान असलेला आवाजसुद्धा टिकतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. 1960 च्या सुरुवातीला एमआयटीत रॉबर्ट्स यांनी चित्रांवर हीच युक्ती केली होती, आवाजात तिचं गणित नंतर पक्कं झालं.

16 बिटांवर ही सूं इतकी खाली असते की ती ऐकायला आवाज कान दुखेल इतका चढवावा लागतो. मेयर-मोरन यांच्या श्रोत्यांनाही फरक सापडला तो खूप मोठ्या आवाजात शांत भाग ऐकतानाच.

आणि हो, कानांचं वय. साठी ओलांडल्यावर मला 12 किलोहर्ट्झच्या वरचं काही ऐकू येत नाही, तिथे मी मीटरवर विसंबते. तुम्ही तरुण आहात तोवर 16-17 ऐकून घ्या. हेडफोनवर मोठा आवाज ठेवून ते लवकर घालवू नका.

प्रश्न: माझ्या स्कॅनरवर 9,600 डीपीआय (इंचाला इतके ठिपके) लिहिलं आहे. जुने फोटो आणि निगेटिव्ह कितीवर स्कॅन करू?

9,600 लिहिलेलं असलं तरी त्यातला 'ऑप्टिकल' आकडा किती ते माहितीपत्रकात पाहा. उरलेला सॉफ्टवेअरने मध्ये भरलेला असतो.

हातातला फोटो 30 सेंटिमीटरवरून पाहताना डोळ्याला साधारण 0.09 मिलिमीटरहून जवळचे ठिपके वेगळे दिसत नाहीत. म्हणजे इंचाला 300 च्या आसपास. छापील फोटो 600 वर घेतला तर तो दुप्पट मोठा छापता येतो, आणि त्यापुढे बहुतेक वेळा कागदाचा पोतच मोठा होतो. 35 मिलिमीटरच्या निगेटिव्हला मात्र जास्त हवं. 4,000 वर तिची सुमारे 2 कोटी 14 लाख पिक्सेलांची फाइल होते, आणि नेहमीच्या फिल्मवर त्यापुढे दाणाच अधिक ठसठशीत दिसतो, चेहरा नाही.

फोटो फिका पडला असेल तर डीपीआयपेक्षा बिटांकडे लक्ष द्या. 8 बिटांत दर रंगाच्या 256 छटा असतात. फिक्या फोटोत त्यातल्या साठ-सत्तरच वापरात असतात. त्यांना ताणून पूर्ण पल्ल्यात बसवलं की आभाळात पट्टे उमटतात. 16 बिटांवर स्कॅन करा, दुरुस्ती करा, मग हवं तर 8 करा.

प्रश्न: भरून झाल्यावर जागा वाचवण्यासाठी सगळं एमपी-थ्री करून मूळ फाइल काढून टाकू का?

काढू नका. जागा वाचवायची तर फ्लॅक करा. फाइल साधारण निम्म्यावर येते आणि एकही बिट हरवत नाही. एमपी-थ्री नातेवाइकांना पाठवायला ठीक. फक्त कॅसेटच्या बाबतीत बिटरेट (सेकंदाला किती बिट खर्चायचे तो आकडा) फार खाली नेऊ नका. टेपची सूं ही एमपी-थ्रीला दाबायला सगळ्यात अवघड गोष्ट आहे, कारण तिच्यात पुनरावृत्ती अशी नसतेच. 64 किलोबिटवर नेलं की तिच्यावरच निम्मे बिट उडतात, मागे पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येतो, आणि सोबत बोलणाऱ्याचा 'स'ही बिघडतो. 192 किंवा त्याहून वर ठेवा. सूं काढायचीच असेल तर ती मूळ फाइलच्या प्रतीवर काढा, एमपी-थ्रीवर नाही.